अंगात न आलेली देवी

त्या तीन वर्षांत मी रोज देवीच्या पाया पडत होते आणि रोज तिची नजर चुकवत होते. हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. सांगणार तरी कोणाला? गावाच्या हिशेबी देवी माझ्याच अंगात येत होती.

आमचं गाव वाशीमकडच्या मालेगावपासून बैलगाडीनं दोन तासांवर. गावाबाहेर निंबाखाली देवीचं लहानसं देऊळ आणि त्याला लागूनच विहीर. माझी दुसरी मुलगी तापात गेली त्या वर्षी नवरात्रात आरतीला उभी होते. डफ वाजत होते, पोटात अन्न नव्हतं, डोळ्यांसमोर लेकराचं तोंड होतं. अंगाला कापरं भरलं आणि मी घुमू लागले. त्या दिवशी काय झालं ते मला आजही सांगता येत नाही. दुःख असेल, उपास असेल, देवीही असेल. पण शुद्धीवर आले तेव्हा गाव माझ्या पायांवर डोकं ठेवत होतं, आणि सासूबाई, ज्यांना मी आत्याबाई म्हणत असे, त्या मला वारा घालत होत्या. लग्नाला नऊ वर्षं झाली होती. आत्याबाईंनी माझ्यासाठी हातात पंखा घेतल्याचं मी पहिल्यांदाच पाहत होते.

मग दर शुक्रवारी बाया येऊ लागल्या. मी केस मोकळे सोडून बसायची आणि डफ वाजला की घुमायची. पहिले दोन-चार शुक्रवार मी वाट पाहिली की ते पहिलं कापरं आपणहून येईल. ते आलं नाही. मग मी ते आणू लागले. श्वास जोरानं घेतला, मान फिरवली की अंग आपोआप हलायचं. बाया अंगणात बसून आपसात जे बोलायच्या ते मी आत भाकऱ्या थापताना ऐकत असे आणि पुढे तेच देवीच्या आवाजात सांगत असे. बहुतेक वेळा माझं सांगणं खरं ठरायचं, कारण डोकं माझं बरं चालायचं. घरात मला मान मिळाला. नवरा आवाज चढवेनासा झाला. खोटं बोलणं इतकं गोड असतं हे मला माहीत नव्हतं. मनाला मी समजावत होते की बायांना धीर मिळतो, त्यात कोणाचं काय जातं?

कोणाचं काय जातं ते गंगूनं मला दाखवलं. गंगू आमच्याच आळीतली, पहिलटकरीण. माहेर रिसोडकडे. बाळंतपणाला जाऊ का, असं विचारायला आली. तिच्या सासूनं आधीच माझ्या कानावर घातलं होतं की कापूस वेचायचा पडला आहे, महिनाभर थांबली तर बरं. मी घुमले आणि म्हणाले, "महिना थांब. रस्त्यानं वाईट हाये." गंगू थांबली. वेळेआधीच कळा लागल्या, दोन दिवस अडली. ती वाचली, लेकरू गेलं. दीड महिन्यानं ती अंगणात आली, माझ्या पायांवर डोकं ठेवून म्हणाली, "माय, तुह्यं आयकलं म्हनून मी तरी वाचली. रस्त्यानं गेली असती तर मीबी गेली असती."

तिनं शिवी दिली असती तर मी रडले असते. तिनं पाया पडून मला मुकं केलं. त्या दिवसापासून रोज सकाळी सडा टाकताना मी स्वतःला एकच गोष्ट विचारू लागले: काल तू जे बोललीस त्यातलं तुला किती माहीत होतं? उत्तर रोज तेच यायचं. तरी शुक्रवार आला की मी केस सोडून बसतच होते. मन एकीकडे आणि तोंड दुसरीकडे, अशी मी वर्षभर जगले. अंगानं वाळले. आत्याबाई म्हणायच्या, देवीचं वारं सोसत नाही पोरीला.

चैत्रात शेजारच्या गावात पटकी आली, जुलाब-उलट्यांची साथ. तीन दिवसांत त्या गावची अकरा माणसं गेली. वाशीमच्या सरकारी दवाखान्यातून एक माणूस पेटी घेऊन आमच्या गावात आला. विहिरीत लाल दवाई टाकायची आणि पाणी उकळून प्यायचं, एवढंच त्याचं सांगणं होतं. उन्हाळ्यात पाणी असलेली विहीर एकच, ती देवीची. गाव बिथरलं. देवीच्या पाण्यात सरकारची दवाई? पाटलांनी तोड काढली. उद्या शुक्रवार आहे, देवीलाच विचारू. ती म्हणेल तसं.

दुपारी मी नवऱ्याला वावरात भाकर घेऊन गेले आणि पहिल्यांदा त्याला सगळं सांगितलं. त्यानं तुरीचं एक धसकट उपटून बाजूला टाकलं. रागावला नाही. मग म्हणाला, "मले थोडं थोडं वाटतच होतं. पन आता कायले हे काढतं? उद्या घुम, अन् देवीच्या आवाजात सांग, टाका दवाई म्हना. सारे आयकतीन, सारे वाचतीन. एका खोट्यानं गाव वाचत असंल तर त्यात पाप काय?"

त्याचं म्हणणं कापता येत नव्हतं. मी धुऱ्यानं, शेताच्या बांधावरून, घरी येताना तेच घोळवत राहिले. एक शुक्रवार आणखी, तोही भल्यासाठी. पण मग गंगू डोळ्यांसमोर उभी राहिली. तिच्या वेळी घुमणारी मीच होते आणि उद्या घुमणारीही मीच. डफ तोच, आवाज तोच. आपल्याला मारतं कोणतं आणि तारतं कोणतं, हे ओळखायला या लोकांजवळ मी काय शिल्लक ठेवलं? उद्या दुसरीच कोणी घुमून म्हणाली की दवाई काढून टाका, तर? आणि मी खरं सांगितलं, पण कोणीच ऐकलं नाही, तर? त्या 'तर'पाशी माझी अक्कल थांबली. देवळापाशी आले, उंबऱ्यावर डोकं टेकलं आणि म्हणाले, "आई, मले जेवढं समजतं तेवढं मी उद्या बोलीन. त्याच्या पुढचं तुह्यं." इतक्या वर्षांत तिच्याशी मी बोललेलं ते पहिलं खरं वाक्य असावं.

शुक्रवारी सकाळी देवळापुढे सारं गाव जमलं. दवाखान्याचा माणूस पेटी मांडीवर घेऊन निंबाखाली बसला होता. डफ सुरू झाला. सवयीनं माझी मान फिरू लागली, खांदे हलू लागले. आत्याबाई ओरडल्या, "आली, आली माय!" आणि त्याच घडीला मी दोन्ही तळवे जमिनीवर दाबून धरले आणि थांबले. केस मागे घेऊन अंबाडा बांधला. डफवाल्याचा हात आपोआप थांबला.

मी उभी राहिले. "माह्या अंगात देवी नाई," मी म्हणाले. "पहिल्या वेळची मले मालूम नाई. त्याच्यानंतर मी माह्याच मनानं घुमत होती. जे सांगतलं ते माह्यं होतं. गंगे, तुले थांब म्हनलं तेबी मीच. तुह्या लेकराची मी अपराधी हावो. आता दवाईचं सांगतो ते देवी म्हनून नाई, तुमच्यासारखी एक बाई म्हनून सांगतो. शेजारच्या गावातली मानसं पान्यानं मेली. दवाई टाकू द्या. मी पहिले पेतो."

 मग एकच गलका उठला. कोणी म्हणालं, हिला बाधा झाली; कोणी म्हणालं, सरकारनं फितवली. आत्याबाईंनी पदर तोंडावर घेतला आणि पाठ फिरवली. पण माझ्या छातीत अशी शांतता होती की मला स्वतःचंच नवल वाटलं. दवाखान्याच्या माणसानं विहिरीतून काढलेल्या घागरीत दवाईची चिमूट टाकली. पाणी फिकट गुलाबी झालं. मी ओंजळ धरली आणि सगळ्यांसमोर प्याले.

पाटील म्हणाले, "तू पेली, तुह्यी खुशी. गावाचं आमी पाहू." लोक पांगायला लागले. माझ्या बोलण्याचा काही उपयोग झाला नव्हता. मला रडू येत नव्हतं, पण माझ्याकडून करण्यासारखंही आता काही उरलं नव्हतं.

तेवढ्यात मालेगावच्या वाटेनं एक लमाण म्हातारी आली. पोहरादेवीच्या जत्रेला निघालेली, दंडभर पांढऱ्या बांगड्या, पायांवर गुडघ्यापर्यंत धूळ. कसली सभा आहे, काय चाललं आहे, याच्याशी तिला घेणं नव्हतं. सरळ माझ्यासमोर येऊन बसली आणि ओंजळ पुढे केली. "पानी पाज, बेटी."

"आजी, दवाईचं हाये," मी म्हणाले. घागर उचलायचा मला धीर होईना.

तिनं वाकून पाण्याकडे पाहिलं आणि हसली. "आमच्या तांड्यावरबी आठ रोजापासून हेच हाये. पहिले आमीबी नाई म्हनलं. माहा जवान नातू गेला, तवा अक्कल आली. दवाई टाकल्यापासून कोनी गेलं नाई. पाज, घसा सुकला."

मी पाणी ओतत राहिले आणि ती पीत राहिली. तोंड पुसलं, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि उठली. माझं तिच्या वाटेकडे लक्ष राहिलं नाही, कारण गर्दीतून गंगू पुढे आली होती. ती माझ्याकडे किती वेळ पाहत होती कोण जाणे. तिच्या डोळ्यांत राग होता, तो असायलाच हवा होता. मग तिनं ओंजळ धरली. "वत," म्हणाली. "आज तू खरं बोलून राह्यली, म्हनून पेतो."

गंगू प्याली. तिच्यामागे तिची सासू, डफवाला, गुरवाची सून. शेवटी पाटील पागोटं काढून वाकले. दुपार व्हायच्या आत पुरी दवाई विहिरीत पडली आणि डफवाल्यानं कोणी न सांगता डफ उचलला. असा वाजवला की लग्नातही कधी वाजवला नसेल. त्या उन्हाळ्यात भोवतालच्या गावांतून आकांत उठत होता. आमच्या गावातून पटकीनं एकही माणूस नेला नाही.

पुढे लोक म्हणू लागले की ती म्हातारी म्हणजे देवीच होती. मला विचारायचे. मी सांगत असे, मला माहीत नाही. ती आली आणि वेळेवर आली, एवढंच मी पाहिलं. आत्याबाई चार महिने माझ्याशी बोलल्या नाहीत. मग एक दिवस धान्य निवडता निवडता म्हणाल्या, "घुमत होती तवा मी तुले भेत होती. आता भेत नाई." आणि सूप माझ्याकडे सरकवलं. गंगूला पुढे दोन लेकरं झाली. दोन्ही बाळंतपणांना ती वेळेवर माहेरी गेली. जाताना मला सांगून जायची, विचारून नाही.

आज मी म्हातारी झाले आहे. बाया अजूनही येतात, सुख-दुःख बोलतात. मला समजतं तेवढं सांगते. कधी कोणी नवी सून विचारते, देवी यावर काय म्हणत असेल? मी म्हणते, "मले नाई मालूम, बाई." हे शब्द बोलताना देवी मला जितकी जवळ वाटते तितकी तिच्या नावानं बोलताना कधीच वाटली नाही. तिच्यावर भार टाकणं म्हणजे आपली अक्कल टाकून देणं असं मी समजत होते. तसं नसतं. आपली अक्कल जिथवर नेते तिथवर आपल्या पायांनी जायचं, आणि तिथे पोचलो की हात जोडून उभं राहायचं. ती पुढे आहे.