माईकवर चालतील असे दात

माझी ताई बस स्टँडवर गाड्यांच्या घोषणा करते. चौकशीच्या खिडकीमागे तिची काचेची खोली आहे, एवढीशी. त्यात एक पंखा, एक टेबल आणि माईक. अर्ध्या गावाने तिला कधी पाहिलेलं नाही, पण दुकानात जाऊन ती नुसतं "अर्धा किलो द्या" म्हणाली तरी शेजारची बाई वळून बघते. याचा तिला भारी अभिमान, आणि का नसावा?

मी तिच्या अगदी उलट. आवाज कर्कश आणि राग नाकावर. त्यामुळे ताई स्टँडच्या नुकत्याच पुसलेल्या पायरीवरून तोंडावर आपटली, तेव्हा मी आधी पुसणाऱ्याशी भांडले आणि मग तिला उठवलं. समोरचा एक दात मुळासकट गेला होता, त्याच्या शेजारचा अर्धा तुटला होता. पडलेला दात शोधूनही सापडला नाही. आणि ही बाई रुमाल तोंडाला लावून मला विचारते, "पाचची गाडी आता कोण सांगणार?"

दातांच्या डॉक्टर वयाने माझ्या मुलीएवढ्या, पण हात स्थिर आणि बोलणं सरळ. तुटलेल्या दाताचं मूळ शाबूत होतं. रूट कॅनॉल करून त्यावर कॅप बसेल, म्हणाल्या. प्रश्न होता रिकाम्या जागेचा.

"काढता-घालता येणारा दात लगेच मिळेल, पण टाळूवर पट्टी येते," त्यांनी समजावलं. "इम्प्लांट करायचं तर हाडात स्क्रू बसवायचा आणि हाड त्याला घट्ट धरेपर्यंत थांबायचं. त्यात काही महिने जातात. नाहीतर ब्रिज. दोन्ही शेजारचे दात घासून बारीक करायचे आणि त्यांच्यावर तीन दात एकत्र चढवायचे. एक शेजारी कॅपसाठी घासायचाच आहे, म्हणजे चांगला दात एकच घासावा लागेल."

"सगळ्यात टिकाऊ काय ते करा," मी म्हटलं.

"नीट बोलता कशाने येईल?" ताईने विचारलं.

विचार करायला वेळ घ्या, म्हणून डॉक्टरांनी तात्पुरता पट्टीचा दात दिला. तो घालून ताई कामावर गेली, आणि फजिती झाली. "सहा नंबर" म्हणताना शीळ वाजायची आणि पट्टी हलली की माईकवर टक्क. लोक एकमेकांची तोंडं बघायला लागले, चौकशीच्या खिडकीपाशी झुंबड उडाली. दोन टवाळ पोरांनी शीळ घालून उत्तर दिलं. मी त्यांना असं फैलावर घेतलं की त्यांची गाडी चुकली. बरं झालं.

आगाराचे मोठे साहेब तसे सभ्य. त्यांनी ताईला बोलावून सांगितलं, रेकॉर्ड केलेल्या घोषणांचं यंत्र कधीचं येऊन पडलंय. महिनाअखेरपर्यंत आवाज सुधारला नाही तर ते लावावं लागेल, तुम्हाला पासच्या खिडकीवर बसवू, पगार तोच राहील. "पगार तोच म्हणजे उपकारच की!" मी बाहेर येऊन तणतणले. घरी आल्यावर ताई चपला काढता काढता म्हणाली, "तिथून उठवलं तर मी कोण गं?" असलं काही ती कधी बोलत नाही.

दुसऱ्याच दिवशी तिने ब्रिज करायचा ठरवला. रंग निवडायची वेळ आली तेव्हा मी सगळ्यात पांढऱ्या नमुन्यावर बोट ठेवलं. "मला मिरवायचं नाहीये," ताई म्हणाली, "बाकीच्यांत मिसळेल असा द्या."

ब्रिज तयार होऊन आला. पक्का चिकटवण्याआधी डॉक्टरांनी तो नुसता बसवून बघितला. काय सुरेख दिसत होती ताई! खुर्चीवर आडवी असतानाच त्यांनी तिला सहा, सात, सोळा म्हणायला लावलं. ठीक वाटलं. ताई मात्र उठून बसली.

"मी झोपून घोषणा करत नाही. उभी राहून बोलू का?"

"बोला की," डॉक्टर म्हणाल्या.

ताईने चूळ भरायचा ग्लास माईकसारखा तोंडासमोर धरला आणि भरदार आवाजात सुरू केलं, "प्रवाशांनी लक्ष द्यावं. सहा नंबर फलाटावर..." शीळ. बारीक होती, पण होती.

"एवढंसं कोणाला कळतंय? चिकटवा आणि सुटा," मी म्हटलं. दोघींनी माझ्याकडे असं बघितलं की मी मुकाट्याने खाली बसले.

दातांची मागची बाजू जरा जाड राहिली होती. डॉक्टरांनी ब्रिज काढून ती घासली, गुळगुळीत केली, परत बसवली. परत सहा नंबर. परत काढला. बाहेर बसलेले पेशंट दार किलकिलं करून डोकवायला लागले. एका आजोबांनी मला हळूच विचारलं, "इथून गाडी सुटते का?" शेवटी एकदाचा ताईचा स तिच्या मनासारखा आला. "आज कच्चा चिकटवते," डॉक्टर म्हणाल्या. "कामावर बोलून बघा, जमलं की पक्का करू."

महिनाअखेरीला साहेब स्वतः फलाटावर येऊन उभे राहिले. मीही रजा टाकून गेले होते. नेहमीच्या घोषणा नीट झाल्या, पण साहेबांचा चेहरा काही बोलेना. तेवढ्यात सहा नंबरची गाडी बंद पडली. रांग मारुतीच्या शेपटासारखी वाढलेली, माणसं वैतागलेली, पोरं रडकुंडीला आलेली. बदली गाडी लागली ती पार दुसऱ्या टोकाला.

"सहा नंबर फलाटावरच्या सर्व प्रवाशांनी लक्ष द्यावं. आपली गाडी सोळा नंबरवरून सुटेल. सावकाश या. सगळ्यांना घेतल्याशिवाय गाडी सुटणार नाही."

माणसांनी पिशव्या उचलल्या. काय म्हणाली, असं कोणी कोणाला विचारलं नाही. चौकशीच्या खिडकीकडे एक जण फिरकला नाही. अख्खी रांग वळली आणि सोळा नंबरकडे चालायला लागली. वाटेत उभ्या साहेबांनाच बाजूला सरकावं लागलं. "ते यंत्र परत पाठवून देतो," ते मला म्हणाले.

ताईच्या खोलीतून फलाट दिसत नाही, म्हणून मी धावत चौकशीच्या खिडकीपाशी गेले. काचेतून तिने मला खुणेने विचारलं, नीट ऐकू गेलं का? मी रडत होते. मी नुसतं सोळा नंबरकडे बोट दाखवलं.