दोन शेड उजळ

माझ्या भाचीचा रोल माझ्यामुळे गेला, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. सांगायला गेले की माझाच गोंधळ उडतो. मला कुणी तसं करायला सांगितलं नव्हतं. माझं मीच केलं, आणि का केलं असं विचाराल तर तिथेच घोडं अडतं.

मी मेकअप करते. आधी नाटकांना करायचे, बोरिवली-मुलुंडच्या नाट्यगृहांत पडद्यामागे बसून. आता बरीच वर्षं सिरियल. शूटिंग मढच्या एका भाड्याच्या बंगल्यात. घाटकोपरहून मेट्रोने वर्सोवा, पुढे फेरीबोट, हातात मेकअपची पेटी. बोटीत कुणी पेटीवर पाय टेकवला की माझं डोकं फिरतं. सेटवरही माझा तोंडाळपणा सगळ्यांना माहीत आहे. टचअप झाल्यावर तोंडाला हात लावणारी हिरॉईन असो नाहीतर तिचा सासरा, माझ्या शिव्या ठरलेल्या. त्या दिवशी मात्र माझ्या तोंडातून शब्द फुटला नाही, आणि हेच मला अजून उमगत नाही.

नवी सिरियल सुरू व्हायची होती. नायिका वस्तीतली, सावळी, नर्सिंग शिकणारी. तिच्या रंगावरून घरोघरी नकार येतात, अशी सगळी गोष्ट. माझी भाची, म्हणजे थोरल्या बहिणीची मुलगी, कांजूरमार्गला राहते. कॉलेजात एकांकिका करून करून तिला नाटकाचं वेड लागलेलं. तिने स्वतःच्या हिमतीवर दोन ऑडिशन दिल्या आणि शेवटच्या तिघींत आली. रंग आमच्या घरातलाच, माझा, ताईचा, आईचा आहे तो. मला म्हणाली, "मावशी, हा रोल नाही मिळाला ना, तर मी नाद सोडला. याच्यापेक्षा माझा काय रोल असणारे?"

शेवटची पायरी लुक टेस्टची. मेकअप करून, कपडे घालून कॅमेऱ्यासमोर उभं करतात आणि मॉनिटरवर बघून ठरवतात. तिघींचा मेकअप मीच करणार होते. ती माझी भाची आहे हे मी सेटवर सांगितलं नव्हतं, उगाच वशिला म्हणायचे. तिलाही बजावलं होतं, तिथे मला ताई म्हणायचं.

ती खुर्चीत बसली. माझ्या हातात कागद होता, त्यावर स्पष्ट लिहिलेलं, सावळी, मेकअप जाणवू नये. मी वाचला. वाचून बाजूला ठेवला आणि बेस घेतला तो तिच्या रंगापेक्षा दोन शेड उजळ.

आता यावर मी किती वेळा विचार केला असेल. सवय म्हणावी, तर आहेच सवय. इतक्या वर्षांत मला कुणी 'जरा उजळ कर' याशिवाय दुसरं काही सांगितलेलं नाही. पण कागद वाचला होता ना मी. माया म्हणावी, तर कसली माया ही? मनात एवढंच होतं की आपली पोरगी आहे, चांगली दिसू दे. चांगली म्हणजे काय, ते माझ्या हातांनी परस्पर ठरवून टाकलं होतं.

तिने आरशात बघितलं आणि हळूच म्हणाली, "मावशी, मी अशी दिसते?"

"ताई म्हण," मी म्हटलं. "आणि कॅमेऱ्यात बरोबर येतं. गप बस."

कॅमेऱ्यात काय यायचंय. सावळ्या कातडीवर उजळ बेस थापला की चेहरा राखाडी पडतो, आजारी माणसासारखा. गळा वेगळा, तोंड वेगळं. हे मी शिकायला आलेल्या मुलींना पहिल्याच दिवशी दरडावून सांगते. डायरेक्टर मॉनिटरसमोर बसले होते, मी त्यांच्या मागे उभी होते. ते म्हणाले, "हिचा चेहरा असा मेलेला का वाटतोय? ऑडिशनला तर छान होती."

मी फक्त एवढंच म्हणायचं होतं, सर, माझी चूक झाली, दहा मिनिटं द्या, पुसून आणते. दहा मिनिटं कुणीही दिली असती. मी उभी राहिले. भाची समोर लाइटमध्ये उभी, माझ्याकडे बघत होती. डायरेक्टर म्हणाले, "पुढची बोलवा." नोकरीची भीती होती का? नातं उघडं पडेल म्हणून? की आपल्या हातून अशी चूक होते हे चार लोकांत कबूल करायची लाज? खरं सांगते, मला नाही कळत. आजही नाही.

रोल तिसऱ्या मुलीला मिळाला. ती गोरीपान, घाऱ्या डोळ्यांची. पहिल्या दिवशी मला सांगितलं, "ताई, हिला सावळी करा." मी विचारलं, "किती?" तर असिस्टंट डायरेक्टरने मोबाइल पुढे केला. त्यात माझ्या भाचीच्या ऑडिशनचा फोटो होता, बिनमेकअपचा. म्हणाली, "हा टोन पाहिजे. सरांना हाच आवडलाय."

तेव्हापासून रोज सकाळी मी तो रंग कालवते. तोंड, कान, मान, हात, पायाची बोटंसुद्धा. मुलगी गुणी आहे, मन लावून काम करते, मला खाली वाकून नमस्कार करते. तिच्यावर रागवायलाही जागा नाही. भाचीने खरंच नाद सोडला. विक्रोळीला एका ऑफिसात लागली.

मागच्या रविवारी ती घरी आली. आई टीव्हीवर तीच सिरियल बघत होती. भाची चहा घेता घेता बघत राहिली, मग म्हणाली, "मेकअप काय झकास केलायस गं. अगदी खरा वाटतो. मला पण लाव ना एकदा तो बेस, बघू मी कशी दिसले असते."

मी टाळायला बघितलं, पण ती ऐकेना. पेटीतून डबी काढली, तिच्या गालाला लावला, जबड्यापर्यंत ओढला, स्पंजने बसवला. ती हातात छोटा आरसा धरून थांबली होती.

"लाव ना, मावशी."

"लावला," मी म्हटलं.

तिने गाल उजेडाकडे केला. बोट फिरवून बोटाला आलेला रंग बघितला, मग पुन्हा गाल. टीव्हीकडे बघितलं. आई म्हणाली, काय गं, काय झालं. भाचीने आरसा खाली ठेवला आणि अगदी साध्या आवाजात मला विचारलं,

"मग त्या दिवशी मला काय लावलं होतंस?"