गिरणीच्या दारावरचे साहेब

मार्गासनीतल्या आमच्या गिरणीवाल्यांनी पत्र्याच्या दारावर खडूनं खासदार साहेबांची देशाच्या प्रश्नांवरची मतं लिहून ठेवलीत, नाव मात्र टाकलेलं नाही. साहेबांचं मत बदललं की जुनं पुसत नाहीत, त्याच्याखाली नवं लिहितात. दळण टाकण्याआधी मला विचारतात, "कांद्याच्या निर्यातबंदीवर साहेब आज कुठल्या बाजूला हायेत?" चुकलो की पीठ जाडं येतं.

परवा प्रचाराला खुद्द साहेब गिरणीत आले. चष्मा लावून त्यांनी अख्खं दार वाचलं आणि चिडून म्हणाले, "असल्या माणसाला अजिबात मत देऊ नका."

"न्हाई देत," गिरणीवाले आदबीनं म्हणाले. मग खडू घेऊन त्यांनी सगळ्यात खाली लिहिलं: साहेबांचा साहेबांना विरोध.