डॉक्टरीणबाईंचे हात

ती पहिल्या दिवसापासून माझ्या डोळ्यांत खुपली, हे आधीच सांगून टाकते. एकोणीस वर्षं मी या पार्लरमध्ये खिडकीशेजारच्या खुर्चीवर केस कापतेय, रंगवतेय. ती आली दोन वर्षांपूर्वी. मालकिणीने माझ्यासमोरच तिला विचारलं, "हाताला अॅलर्जी वगैरे नाही ना? गिऱ्हाईक आधी हात बघतं." ती म्हणाली, "छे, कधीच नाही," आणि दोन्ही तळवे पुढे केले. गुळगुळीत, मऊ. मी माझे हात अॅप्रनच्या खिशात घातले.

रंग लावताना ती एकावर एक दोन हातमोजे चढवायची. मी तिला डॉक्टरीणबाई म्हणू लागले. "आज ऑपरेशन कितीला?" असं रोज विचारायचे. ती हसायची. ते हसणंही मला सोसायचं नाही. मी जन्मात हातमोजे घातले नव्हते. केस बोटांना कळले पाहिजेत, असं माझं म्हणणं.

मग माझीच बोटं लाल झाली, खाजू लागली, भेगा पडल्या. अकरा वर्षं माझ्याकडेच येणाऱ्या मुख्याध्यापिकाबाई एकदा माझ्या हातांकडे बघून म्हणाल्या, "आज रंग तिला लावू दे हं, तुला जरा आराम." आराम! तिच्या खुर्चीत डोळे मिटून बसल्या आणि ती हातमोजे काढून केस पुसू लागली, तेव्हा म्हणतात कशा, "काय मऊ हात गं तुझे." माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. त्याच संध्याकाळी मालकिणीने सुनावलं, "महिन्याभरात हात बरे कर, नाहीतर काउंटरवर फोन घ्यायला बस." मग खिडकीजवळची खुर्ची कुणाला मिळणार, हे विचारायलाच नको.

मालकिणीने आम्हा सगळ्यांचा एकत्र विमा काढलाय. त्याचं कार्ड आणि ते चालणाऱ्या दवाखान्यांची यादी घेऊन मी जवळपासच्या त्वचेच्या डॉक्टरांना फोन लावत बसले. पहिल्यांनी ते कार्ड घेणंच बंद केलं होतं. दुसरा नंबर गालिच्यांच्या दुकानाचा निघाला. तिसरीकडे कार्ड चालत होतं, पण नवा पेशंट चालत नव्हता. चौथीकडची मुलगी म्हणाली, "त्वचारोग असेल तर विमा चालतो, सौंदर्य असेल तर नाही."

"अगं बाई, माझे हात बघून कुणी सौंदर्य म्हणालं, तर मीच त्याला बक्षीस देईन!" मी ओरडले. शेजारी डॉक्टरीणबाई खुदकन हसली.

निघताना तिने माझ्या हातात घडी केलेला कागद ठेवला. वर एका दवाखान्याचा छापील नंबर दिसत होता. "ताई, तुमची यादी जुनी आहे. इथे आपलं कार्ड चालतं. नुसतं 'विमा चालतो का' विचारू नका, कार्डावरचं योजनेचं नाव वाचून दाखवा."

"तुला बरं माहीत!"

"असंच," म्हणाली आणि गेली.

तीन दिवस तो कागद मी खणात कोंबून ठेवला. हिच्या उपकाराने बरं होण्यापेक्षा खाजवत बसलेलं परवडलं. चौथ्या दिवशी कात्री धरवेना, तेव्हा फोन केला. योजनेचं नाव वाचलं. उत्तर आलं, "चालतं. या उद्या."

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तपासणीसाठी माझ्या पाठीवर छोट्या छोट्या पट्ट्या चिकटवल्या आणि दोन दिवसांनी पुन्हा बोलावून सांगितलं, अॅलर्जी केसांच्या रंगाची आहे. "वर्षभर रंगाला शिवायचं नाही. कात्री चालेल. इतकी वर्षं उघड्या हातांनी लावत होता?"

बाहेर कार्ड काढताना तो कागद पर्समधून पडला आणि उलगडला. जुना केसपेपर होता. त्यावर तिचं नाव. 'दोन्ही हातांना भेगा, केसांच्या रंगाची अॅलर्जी.' तारीख तीन वर्षांपूर्वीची आणि खाली दर सहा महिन्यांच्या तपासण्या, शेवटची गेल्याच महिन्यातली. म्हणजे मालकिणीला तोंडावर खोटं सांगून बाईसाहेब आत आल्या होत्या! खरं सांगते, मला आनंद झाला. घरी पोचेपर्यंत तो कागद जागेवर आहे ना, हे मी दोनदा चाचपून पाहिलं. तिने तो विसरून दिला की विश्वासाने, याचा विचार मला रात्री जेवताना सुचला, आणि जेवण काही गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी माझ्या अॅलर्जीचं ऐकून मालकिणीने विचारलं, "हे डॉक्टर सांगितले कुणी तुला?"

मागे डॉक्टरीणबाई टॉवेलच्या घड्या घालत होती. तिचे हात थांबले. 'हिलाही तीच अॅलर्जी आहे,' हे वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं.

"यादीतच होते की," मी म्हणाले. "कापायचं मी करते, रंग हिला करू दे. खिडकीजवळच्या खुर्चीवरच करू दोघी."

मालकीण आत गेल्यावर मी तो कागद डॉक्टरीणबाईच्या अॅप्रनच्या खिशात सारला. तिने खिशावर हात ठेवला आणि पुढचा टॉवेल उचलला.

दुपारी मुख्याध्यापिकाबाई माझ्या खुर्चीत बसल्या. डॉक्टरीणबाईने रंग लावला, धुतला, मग हातमोजे काढून त्यांचे केस पुसू लागली. बाईंनी डोळे मिटले. "काय मऊ हात गं तुझे!"

आरशात आमची दोघींची नजर भेटली. ते वाक्य पुन्हा माझ्या जिभेवर आलं. मी घाईघाईने कात्री शोधू लागले. ती माझ्या हातातच होती.