नोलाने वर केलेला हात

आमच्या बिंडारूतल्या मोठ्या रस्त्यावर हल्ली भरदुपारी कुत्री झोपतात. हाच एकेकाळी सिडनी-मेलबर्न हायवे होता. आधी ती लोकर वाहणाऱ्या बैलगाड्यांनी तुडवलेली वाट होती, मग तिच्यावर डांबर पडलं आणि ट्रक आले. टेकडी उतरून, लाकडी पूल ओलांडून, धान्याच्या कोठारांना वळसा घालून रस्ता थेट गावाच्या पोटात शिरायचा. तिथे नोला क्विगलीची खाणावळ आणि शेजारी माझं टायरचं दुकान.

नोला फटकळ. चिखलाने भरलेले बूट घालून कुणी आत आला की ओरडायची, "तुझ्या आईच्या घरात असाच शिरतोस का रे?" आणि मग त्यालाच अंड्यांबरोबर एक सॉसेज जास्त वाढायची. जाताना ट्रकवाले भोंगा वाजवत. त्यांच्या जिवावर आख्खं गाव जगत होतं, पण तेवढी अक्कल आम्हाला कुठली!

एका सकाळी शाळेला निघालेला तिचा मुलगा कॉलिन तिच्याच दारासमोर ट्रकखाली गेला. मी धावलो, पण धावून काही उपयोग नव्हता. ट्रकवाला रस्त्यातच बसून रडत होता.

नोला मग हात धुऊन बायपासच्या मागे लागली. मंत्र्यांना गाठलं, हायवेवर खुर्ची टाकून बसली, आणि गावही तिच्याबरोबर बसलं. वर तिने आणखी एक मागणी केली: गावात अवजड ट्रकना कायमची बंदी. "बायपास झाला तरी एखादा दीडशहाणा मधूनच घुसेल," ती म्हणाली. "मला एकही नको."

कित्येक वर्षांनी दोन्ही मिळालं. बायपास सुरू झाला त्या दिवशी आम्ही मोकळ्या हायवेवर टेबलं मांडली, सॉसेज भाजले, बँड लावून नाचलो. काही म्हातारे रस्त्याच्या मधोमध आडवे झाले, केवळ होता येतं म्हणून. आपल्याच पोटावर पाय देऊन नाचणारं दुसरं गाव मी पाहिलेलं नाही.

पुढे पेट्रोल पंप बंद पडला, मग बँक, मग शाळा. तरुण पोरं शहरात गेली. नोलाच्या तव्यावरचा कांदा खाणारे आम्ही चार-पाच म्हातारेच उरलो. तिचं जुनं गिऱ्हाईक, ट्रकवाला व्हर्न, एकदा स्वतःची गाडी घेऊन मुद्दाम भेटायला आला.

"यायचं मनात खूप असतं गं," तो म्हणाला. "पण ट्रक आत आणला की दंड. ती बंदीची पाटी तूच लावून घेतलीस ना?"

तो वाईट हेतूने बोलला नव्हता. हॉटेलवाला स्टॅन मात्र तिच्या तोंडावर म्हणाला, "तुझं एक पोर गेलं, नोला. आता सगळ्यांचीच चाललीत."

शेवटी सभा नोलानेच बोलावली. बंदी उठली तर ट्रक येतील, खाणावळ तगेल, गावही तगेल, असं ती मान खाली घालून म्हणाली. हात वर करायची वेळ आली. सगळ्यांचे वर गेले, माझाही. नोलाचे हात मांडीवरच.

स्टॅनचा आवाज उतरला. "तू नको म्हणालीस तर राहू दे. पोरगा तुझा होता."

नोलाने हात वर केला. तो हात बघवत नव्हता.

पाटी काढली त्याच्या दुसऱ्या दिवशी तिने भल्या पहाटे तवा तापवला. कांद्याचा वास गावभर सुटला. ती दारात खुर्ची टाकून बसली. ट्रक आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही, पुढच्या महिन्यातही नाही. व्हर्नचा फोन आला. बायपासवरच्या पंपाला आंघोळीची सोय आहे, ट्रक वळवायला जागा आहे, आता तिथलीच सवय लागली, म्हणाला.

एका संध्याकाळी मी तिच्याशेजारी जाऊन बसलो. रस्ता टेकडीपर्यंत रिकामा होता.

"आज तवा नाही पेटवलास?" मी विचारलं.

"कुणासाठी?" ती म्हणाली. "ट्रक आले असते ना क्लॅरी, तर निदान म्हणता आलं असतं, पोटासाठी केलं. मी कॉलिनला विकलं रे. आणि तेही फुकट."