शेवटचा अंक

दिल्ली गेटजवळच्या रविवारच्या जुन्या पुस्तकांच्या बाजारात आमची एक पद्धत ठरलेली होती. मला काय हवंय ते मी आईच्या कानाशी मराठीत सांगायचे आणि ती विक्रेत्याशी हिंदीत बोलायची. मी नोकरीला लागले तरी यात बदल झाला नव्हता. शिवाय विक्रेत्यासमोरच त्याच्या मालाला नावं ठेवता यायची. इथे कोणाला मराठी कळतंय!

त्या कॉमिक्सचे सगळे अंक मी असेच जमवले होते, शेवटचा सोडून. वेगवेगळ्या विश्वांतल्या सुपरहिरोंची एक टीम असते. घरी परतायचं दार शोधत ते एका विश्वातून दुसऱ्या विश्वात जातात आणि दरवेळी भलतंच काही निघतं. कुठे समुद्रच नाही, कुठे त्यांच्याच चेहऱ्याचे खलनायक. ते घरी पोचतात का, हे इंटरनेटवर सहज कळलं असतं. मी मुद्दाम पाहिलं नव्हतं.

एका रविवारी तो अंक दिसला, पण दुसऱ्याच मुलीच्या हातात. माझ्याच वयाची, पाठीवर जड सॅक, उभ्याउभ्या पानं उलटत होती.

"आई, तोच! तिने ठेवला की लगेच घे."

"ठेवेल गं," आई नेहमीच्या आवाजात म्हणाली. "घेणाऱ्यातली दिसत नाही. फुकट वाचून जाईल बघ."

"नाही हो काकू," पानावरची नजर न हलवता ती मुलगी म्हणाली, "घेणारे मी."

मला पुस्तकांच्या ढिगात शिरावंसं वाटलं. आई मात्र क्षणात सावरली. "अगं बाई, मराठी! कुठली गं तू?"

"लातूरची. यूपीएससीची तयारी करतेय. मी हे वाचते ते फक्त माझ्या घरी कळू देऊ नका."

तिने खरंच अंक घेतला आणि सॅकमध्ये टाकला. आईने मला कोपर मारलं आणि ती चक्क पाठ फिरवून पाककृतींची पुस्तकं बघायला लागली. आता बोलायला मीच उरले.

"आधीचे वाचलेस?" मी कसंबसं विचारलं.

"दोन-तीनच. मधले मिळतच नाहीत यार."

"माझ्याकडे आहेत. सगळे. द्वारकाला, आमच्या घरी."

तिने मला नीट निरखलं. "मग एक अट. माझे मधले वाचून होईपर्यंत हा तूही उघडायचा नाहीस. शेवट दोघींनी मिळून."

मग ती दर रविवारी मेट्रोने येऊ लागली. आमच्या सतरंजीवर पालथी पडून इतकं सावकाश वाचायची, की मी वैतागायचे.

"अभ्यासही असाच करतेस का?"

"छे! तो याहून सावकाश."

अखेर शेवटचं पान उलटलं तेव्हा आमची डोकी एकमेकींवर आपटली.

"पोचले का गं ते घरी?" आईने स्वयंपाकघरातून विचारलं. तिने यातला एकही अंक कधी उघडला नव्हता.

"एक सोडून सगळे, काकू!" ती ओरडली. "एकीला मधलंच एक विश्व आवडलं. राहिली तिथेच."

"अय्या! का?"

ती माझ्याकडे बघून हसली. "सांग ना, तुला जास्त माहितीये."

मी उठून ओट्यापाशी गेले आणि अगदी पहिल्या अंकापासून सुरुवात केली. पोहे खाली लागल्याचा वास आला, तरी थांबले नाही.