डोमाजीच्या नावाचं कार्ड

दुकानाच्या रांगेतल्या बाया गप्प उभ्या राहत नाहीत. पिशवी हातात, डोळा तराजूवर आणि तोंड शेजारणीच्या घरात. ऐंशीच्या सालांत आम्ही राजुऱ्याजवळच्या एका खदानीच्या कॉलनीत राहायचो. तिथल्या सोसायटीच्या दुकानासमोर माझ्या कितीतरी दुपारी गेल्या. सामान घरी नेलं, ते खाऊन संपलं. किस्से मात्र साठत गेले.

त्या दुकानात कार्ड चालायचं. खदानीत काम करणाऱ्या माणसाच्या नावाचं, जाड पुठ्ठ्याचं. महिनाभर तेल, साखर, डाळ कार्डावर न्यायची आणि पगाराच्या दिवशी सगळं फेडायचं. फेडलं तर निळा शिक्का. राहिलं तर लाल रेघ, आणि बाकीवर व्याज. मला अक्षर येत नाही, पण निळं-लाल ओळखायला शाळा कशाला लागते? वर्षभर निळे शिक्के असले की सोसायटी सायकल, शिलाई मशीन असलं मोठं सामानही हप्त्यावर द्यायची. मधे एक लाल रेघ आली की वर्ष पुन्हा पहिल्यापासून.

माझ्या शेजारच्या शेवंताला ते मशीन पाहिजे होतं. कॉलनीतल्या बायांचे झंपर राजुऱ्याला शिवायला जायचे, ते तिला आपल्या ओट्यावर आणायचे होते. तिची पोरगी हुशार. "दहावीनंतर तिले घरी बसवावं लागन, बाई," ती म्हणायची, "नाई तर मशीन आनावी लागन. तिसरं काई नाई."

*

आमच्याच ओळीत गयाबाई राहायची. तिला कार्डाची भारी भीती. आल्या दिवशीच तिनं ते ट्रंकेत लुगड्याखाली ठेवलं आणि वर्षभर बाहेर काढलं नाही. मग एक दिवस ऐटीत सायकल मागायला गेली.

दुकानात करीमभाऊ बसायचे. त्यांनी कार्ड उलटून पाहिलं, पालटून पाहिलं.

"बाई, याच्यात तर काईच नाई."

"मंग? एका पैशाची उधारी नाई केली म्या."

"तेच तर म्हनून राह्यलो. तुमी घेतलेलं फेडता का नाई, हे मले कसं समजन?"

गयाबाईनं कार्ड उचललं. मग साबणाची एक वडी घेऊन घरी आली. कार्डावर.

*

माझ्या पुतणीला पाहायला आरमोरीकडची माणसं आली होती. चहा झाला, पोहे झाले. पोरीला बाहेर बोलावणार, तेवढ्यात मुलाचा बाप म्हणतो, "पोरगी तर पाहूच. पहिले कार्ड दाखवा."

माझ्या दिरानं कार्ड आणून दिलं. त्या माणसानं उजेडात धरून पाहिलं. "लाल एकच दिसते. कायची आहे?"

"मोठ्या पोरीच्या लग्नाची," दीर म्हणाला.

"मंग आता दुसरी येईन, आमच्यावाली."

आतून माझ्या जावेचा आवाज आला, "ते तुमच्या वऱ्हाडावर आहे, भाऊ. माणसं मोजकी आना, नाई येत."

लग्न चहा-बुंदीवर झालं. दोन्हीकडची माणसं खूश.

*

शेवंताचा नवरा डोमाजी. माणूस सोन्यासारखा, पण 'नाही' हा शब्द त्याच्या आईनं त्याला शिकवलाच नव्हता. कोणी काही मागितलं की हा घरात शोधायला लागायचा.

शिफ्टमधल्या एका दोस्तानं त्याचं कार्ड मागितलं, दोन दिवसांसाठी. त्यावर तेलाचे डबे उचलले आणि सुट्टी टाकून गावाला निघून गेला. पगाराच्या दिवशी डोमाजीचे पैसे पुरले नाहीत. लाल रेघ पडली. अगदी जवळ आलेलं मशीन पुन्हा वर्षभर लांब गेलं.

मी शेवंताच्या घरी होते. मला वाटलं, आता रडेल. रडली नाही. चूल पेटवली, जेवण वाढलं.

डोमाजीनं घास घेतला. "आज भाजीले तेल नाई का?"

"आहे ना. तुमच्या दोस्ताच्या घरी आहे."

*

त्यानंतर शेवंता दुकानात आली की आधी पदराची गाठ सोडून पाहायची, मग डाळ मागायची. पगारातून जेवढं फिटेल तेवढंच घ्यायची. महिन्यामागून महिने निळे शिक्के पडत गेले. दिवाळीला करीमभाऊंनी स्टीलचे डबे आणले. रांगेतल्या सगळ्या बाया डब्यांत तोंडं पाहून राहिल्या होत्या.

"घे ना, बाई," करीमभाऊ तिला म्हणाले. "कार्डावर तर आहे."

"कार्ड का पैसे देते, भाऊ? माह्याच पुढच्या पगारातले काढते अन् आज हातावर ठेवते."

करीमभाऊंनी तिच्यामागच्या रांगेकडे पाहिलं. "थोडं हळू बोल, बाई. माह्ये डबे राहून जातीन."

*

त्याच दिवाळीतली भाऊबीज. येत्या पगाराला शेवंताचं वर्ष पुरं होणार होतं. तिचा भाऊ नत्थू आरमोरीजवळच्या गावाहून आला. मीही तिथंच होते, करंज्या द्यायला गेले होते. नत्थू पाटावर बसला, शेवंतानं ताट हातात घेतलं, आणि हा बसल्या-बसल्या म्हणतो, "ताई, आमच्या गावात यंदा नाटक आहे. नाटकवाल्याईचं जेवन म्या अंगावर घेतलं. दोन दिवस कार्ड दे. धान निघालं का फेडतो."

शेवंताचा हात थांबला नाही. तिनं कुंकू लावलं, ओवाळलं. नत्थूनं ताटात नोट टाकली. तिनं ती उचलून त्याच्याच खिशात ठेवली.

"हे नोको. मी मागन ते देशीन?"

"माग ना. बहीण आहेस."

"पुढच्या भाऊबीजेपर्यंत माह्यं कार्ड मागू नोको."

समोर दिवा जळत होता. नत्थूनं दिव्याकडे पाहिलं. "दिलं," म्हणाला. खाली पाहत बसला. मग हळूच त्याची मान डोमाजीकडे वळली.

"पन भाऊजी, कार्ड तर तुमच्या नावाचं आहे ना?"

शेवंता ताट धरून तशीच उभी. डोमाजी खाटेवर बसला होता. त्याचा हात खिशाकडे गेला, तिथंच अडला. त्यानं नत्थूकडे पाहिलं, शेवंताकडे पाहिलं, आणि मग माझ्याकडे वळला.

"बाई," तो म्हणाला, "तुमी मले ओवाळा. अन् तेच मागा."

नत्थूनं पाटावरून उठून डोमाजीला जागा दिली.